हरकत दिसत नाही

तीर्थरूप आत्या,

तुला वाकून नमस्कार, आणि तुझ्या गुडघ्यांना वेगळा, कारण घरात सगळ्यांत जास्त राबतात तेच आणि बोलणीही तेच खातात. तेल लावतेस ना रोज? (लावते म्हणून सांगतेस ते मला माहीत आहे. मी विचारतेय ते लावण्याबद्दल.) माझी तब्येत चांगली आहे. इथे थंडी आहे, पण खोलीत नाही. खोलीत इतकं गरम असतं की खिडकी उघडावी लागते, आणि शाश्वत विकासासाठी जमलेले आम्ही सगळे हीटर चालू ठेवून खिडक्या उघडतो. मी बंद करून बघितला. तो बंद होत नाही.

आता आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं, की भर सभेत मी कडाडून विरोध केला आणि अध्यक्षांनी त्याची दखल घेतली. त्यातलं 'भर सभेत' एवढंच बरोबर आहे. मी केला तो विरोध कडाडून नव्हता, आणि अध्यक्षांनी दखल घेतली ती विरोधाची नव्हती. पत्र तू शेजारच्या बाईंना वाचून दाखवलं असशील तर त्यांनाही हे सांग. (नसशील दाखवलं तर मला थोडं वाईट वाटेल, पण तुझं काम वाचेल.) मी पहिल्या रांगेत बसते असंही लिहिलं होतं. मी दुसऱ्या रांगेत बसते. मला पहिली रांग दिसते, असं लिहायला हवं होतं, आणि त्याहून काटेकोर लिहायचं तर पहिल्या रांगेतल्या आमच्या साहेबांचं, म्हणजे शिष्टमंडळाच्या प्रमुखांचं, टक्कल दिसतं.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण आपला फोन बाबांच्या हातात आणि स्पीकरवर असतो, आणि मी बोलायला लागले की आई मागून भाजीवाल्याशी बोलते. शिवाय काही गोष्टी अशा आहेत की त्या बाबांनी माझ्याकडून थेट ऐकाव्यात, तेही मी समोर असताना. तुझी खोली, ती मधली भिंत आणि सोमवारी येणारा गवंडी हा विषय मी विसरलेले नाही. तो मुद्दाम शेवटी ठेवलाय, कारण तो आधी आला तर तू चष्मा काढून ठेवशील आणि पुढचं वाचणार नाहीस. आमच्या शिष्टमंडळातले एक गृहस्थ आज दुपारी परत निघतायत, त्यांच्या हाती हे पत्र देतेय. त्यांनी ते बाबांच्या हातात देऊ नये म्हणून पाकिटावर तुझं नाव तीन बाजूंनी लिहिलंय.

मी इथे, या परिषदेत, तरुण प्रतिनिधी म्हणून कशी आले ते तुला माहीत आहे, पण का निवडली गेले ते मला आत्ता कळलं. मुलाखतीला आम्ही चौघं होतो. बाकीचे तिघे एकमेकांचं बोलणं तोडत इतकं बोलले की मी माझी पाळी यायची वाट बघत बसले आणि ती आलीच नाही. (तूच शिकवलंस, दोन मोठी माणसं बोलत असताना तिसऱ्याने पाणी प्यावं. मी चार ग्लास पाणी प्यायले.) निवड झाल्याचं कळलं तेव्हा मला वाटलं, माझ्या निबंधामुळे झाली. काल आमच्या उपप्रमुख बाईंनी सांगितलं, की निबंध कुणी वाचला नव्हता. समितीला मी 'समंजस' वाटले. या बाई कोटाच्या कॉलरवर टाचण्यांची एक रांग खोचून ठेवतात आणि दिसेल तो कागद दुसऱ्या कागदाला टाचतात, म्हणून मी त्यांना मनातल्या मनात टाचणीबाई म्हणते. त्यांनी माझी रेल्वेची पावती माझ्या जेवणाच्या कुपनाला टाचली, आणि ते कुपन भोकामुळे चाललं नाही.

इथे तरुणांना फार मान आहे. प्रत्येक भाषणात आमचा उल्लेख येतो. पहिल्या दिवशी आम्हाला कापडी पिशवी, पाण्याची बाटली आणि एक रोप दिलं. रोप घेऊन दिवसभर बसायचं होतं, त्यामुळे आम्ही सगळे दवाखान्याबाहेर बाळ मांडीवर घेऊन बसलेल्या बायांसारखे दिसत होतो. सामूहिक फोटोत आम्हाला सगळ्यांत पुढे उभं केलं. फोटो झाला, आणि दार उघडल्यावर आम्ही सगळ्यांत मागे गेलो. तरुणांचं मनोगत ऐकायची वेळ ठेवली होती ती चहाच्या सुट्टीला लागूनच, म्हणजे मनोगत सुरू झालं की चहाचा वास येत असे. आमच्यातल्या एका मुलीने पृथ्वीच्या भवितव्याबद्दल फार सुंदर वाक्य म्हटलं. समोर तेव्हा दोन दुभाषे आणि डुलकी लागलेले एक गृहस्थ होते. (त्या गृहस्थांनी टाळ्या वाजवल्या, हे प्रामाणिकपणे नोंदवते.)

तर मुद्दा काय, की आमच्या मसुद्यात एक परिच्छेद असा होता, की यापुढे दरवर्षी या वाटाघाटींच्या टेबलाशी तरुणांसाठी एक खुर्ची असेल. फोटोत नाही, मागे नाही, टेबलाशी. आम्ही सगळे आलोय ते या एका खुर्चीसाठीच, म्हटलं तरी चालेल. बाकी पानंच्या पानं आहेत, समुद्र आहे, जंगलं आहेत, कचरा आहे, पण त्या सगळ्यावर तरुणांनी काही म्हणायचं असेल तर आधी बसायला हवं. त्या खुर्चीवर सगळे देश एक अख्खी सकाळ बोलले. खुर्ची म्हणजे आसन की जागा, तिची उंची इतरांइतकी असावी का, एका खुर्चीवर आळीपाळीने किती जण बसू शकतील. शेवटी एका देशाच्या गृहस्थांनी सुचवलं, की 'खुर्ची असेल' याच्या आधी 'सोयीनुसार' एवढं घालावं. फार गोड बोलतात ते. त्यांच्या मागे त्यांचीच तरुण प्रतिनिधी बसली होती, ती स्वतःच्या बुटांकडे बघत राहिली.

नेमके त्याच वेळी आमचे साहेब कुणाला तरी भेटायला बाहेर गेले होते आणि टाचणीबाईंना फोन आला. उठता उठता त्या मला म्हणाल्या, की पुढच्या खुर्चीवर येऊन बस आणि पाटी सांभाळ. पाटी म्हणजे प्रत्येक देशापुढे नावाची एक आडवी पाटी असते. बोलायचं असेल तर ती उभी करायची. बाईंनी दारातून परत वळून हेही सांगितलं, की काही वावगं होताना दिसलं तर पाटी उभी कर. मी हो म्हटलं.

आणि वावगं झालं. अध्यक्षांनी चष्म्यावरून सगळीकडे पाहिलं आणि विचारलं, 'सोयीनुसार' घालायला कुणाची हरकत आहे का. आत्या, माझी हरकत होती. माझी इतकी हरकत होती की माझे कान तापले. पण वडिलांच्या वयाच्या माणसासमोर पाटी उचलून आपटायची, आणि तीही टाचणीबाईंनी सांभाळायला दिलेली, हे माझ्या हातून होईना. मग मी आपल्या घरात हरकत जशी घेतात तशी घेतली. म्हणजे तू घेतेस तशी. पेन खाली ठेवला. दोन्ही हात मांडीवर घेतले. हनुवटी जराशी वर केली आणि समोरच्या भिंतीकडे, जिथे आपल्या स्वयंपाकघरात कॅलेंडर असतं साधारण तिथे, नजर लावली आणि गप्प बसले. अर्धवट नाही. पूर्ण तुझ्यासारखी. श्वाससुद्धा तू घेतेस तसा, नाकातून, एकदाच.

तुला माहीत आहे या गप्प बसण्याने आपल्या घरात काय काय थांबलंय. फाटकाला तो जांभळा रंग लागणार होता तो थांबला. काकांनी गच्चीवर कोंबड्या पाळायचं काढलं होतं ते थांबलं. मला सहाव्या वर्षी वसतिगृहात घालायचं ठरत होतं तेही थांबलं, आणि मी शाळेत जाईपर्यंत तुझ्या खोलीतल्या त्या बुटक्या टेबलाशी शिकले. आजोबा घास हातातच धरून तुझ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, ताईची हरकत आहे, पुढचा विषय घ्या. माझी अशी पक्की समजूत होती की हे सगळ्या जगात असंच चालतं. मोठ्याने बोलतात ते हरकत घेत नाहीत, ते नुसते बोलतात. खरी हरकत गप्प असते.

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. अगदी थेट पाहिलं, आणि इतक्या प्रेमाने मान हलवली की मला वाटलं, यांनाही घरी एखादी आत्या असणार. मग ते म्हणाले, "हरकत दिसत नाही. तसं ठरलं." आणि हातोडा मारला.

मला इतका आनंद झाला. मला वाटलं, 'हरकत दिसत नाही' म्हणजे माझ्या हरकतीला दुसऱ्या कुणाची हरकत दिसत नाही असं काहीतरी ते म्हणतायत, आणि 'तसं ठरलं' म्हणजे माझ्यासारखं ठरलं. त्याच आनंदात संध्याकाळी तुला ते पत्र लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी छापील मसुदा आला आणि त्यात 'सोयीनुसार' अगदी ठळक होतं.

टाचणीबाईंनी मला कॉरिडॉरमध्ये गाठलं. त्या कधी आवाज चढवत नाहीत, त्या टाचणी काढतात.

"तू हरकत घेतलीस की नाही?"

"घेतली."

"कशी?"

"गप्प बसून."

बाईंनी टाचणी परत कॉलरला खोचली, पण दुसऱ्याच ठिकाणी. मी त्यांना समजावून सांगितलं, की साधी गप्प नव्हते, हनुवटी वर होती. त्यांना हवं तर मी करून दाखवलं असतं. मी करूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, "हे बघून मला वाटलं असतं तुला फोटो काढून घ्यायचाय."

मग त्यांनी मला जे समजावलं ते तुला सांगते, कारण ते ऐकून मी भिंतीला टेकले. इथे गप्प बसणं म्हणजे हो. अपवाद नाही. आणि ही काही हॉलमधली हलगर्जी नाही, याचा रीतसर नियम आहे. मसुदा सगळ्या देशांना पाठवतात, आणि त्याला मौनाची मुदत देतात. त्या मुदतीत कुणी लेखी नाही म्हटलं तर विषय पुन्हा उघडतो. सगळे गप्प राहिले तर मंजूर. अख्ख्या जगाचा कारभार असा चालतो, की कोण गप्प आहे ते बघायचं आणि पुढे जायचं. आत्या, तू इथे असतीस तर एका आठवड्यात तू वाटेल त्या गोष्टींना मान्यता देऊन बसली असतीस, आणि वर भिंतीकडे बघत राहिली असतीस, की यांना अजून कसं समजत नाही.

त्यातल्या त्यात बरं एवढंच, की आमच्या मसुद्याच्या मौनाची मुदत मंगळवार संध्याकाळपर्यंत होती. म्हणजे खुर्ची अजून वाचवता येत होती. पण लेखी नाही म्हणायचं तर ते साहेबांनी म्हणायला हवं, आणि साहेबांना नाही म्हणायला सांगायचं तर आधी मी साहेबांना नाही म्हणायला हवं, कारण साहेबांना 'सोयीनुसार' चांगलंच वाटत होतं. साहेब प्रेमळ आहेत. मला बाळ म्हणतात. जेवताना स्वतःच्या ताटातलं गोड मला देतात. ते म्हणाले, की अगं खुर्ची मिळतेय ना, मग ती सोयीने मिळाली काय आणि गैरसोयीने मिळाली काय. आणि तुमचं वय उभं राहायचं आहे. यावर सगळे हसले. (मीही हसले. हे मला नंतर फार लागलं.)

मला नाही म्हणता येत नाही, हे तोपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं. म्हणजे नाही म्हणायची वेळ येते तेव्हा मी गप्प बसते आणि माझ्यापुरतं मी नाही म्हटलेलं असतं. इथे माझी एक मैत्रीण झालीय. ती एका छोट्या बेटावरून आलीय. तिच्या घराच्या पायरीवर समुद्र दरवर्षी थोडा आणखी वर येतो, त्यामुळे तिला आढेवेढे घ्यायला वेळ नाही. ती म्हणाली, की हे सवयीचं काम आहे, आपण तालीम करू. कोट टांगायच्या खोलीत, ओल्या कोटांच्या मधे उभं राहून आम्ही तालीम केली. ती विचारायची आणि मी नाही म्हणायचं. दार लावू का? नाही. तुझा पेन घेऊ का? नाही. (पेन तिचाच होता, पण तत्त्वाचा प्रश्न होता.) तुझ्या खुर्चीवर दुसऱ्या कुणाला बसवू का? इथे माझा आवाज कोटांत शिरला तो बाहेर आलाच नाही. ती म्हणाली, खरं काहीतरी नाकारल्याशिवाय तुला जमणार नाही, दिवसभर सगळ्यांना नाही म्हण.

त्या दिवशीचं काय सांगू. सूप वाढणाऱ्या बाईंना नाही म्हटलं आणि उपाशी राहिले. लिफ्टमध्ये एकाने वर जायचंय का विचारलं, नाही म्हटलं, आणि त्याच्याबरोबर तळघरात गेले. संध्याकाळी एका दूरच्या देशाच्या म्हाताऱ्या प्रतिनिधींनी आपुलकीने विचारलं, बाळा बरी आहेस ना, आणि मी सवयीने नाही म्हटलं. त्यांनी प्रथमोपचाराची माणसं बोलावली. मला झोपवून माझा रक्तदाब घेतला. तो खरंच वाढलेला निघाला, त्यामुळे मला खोटारडं कुणी म्हणू शकणार नाही.

एवढी तयारी करून मी साहेबांना लिफ्टपाशी गाठलं. मनात वाक्य एकच होतं आणि ते छोटं होतं. पण साहेब वळले, हसले आणि बाळ म्हणाले, आणि माझ्या तोंडून असं बाहेर पडलं, "साहेब, तुमची हरकत नसेल तर माझी हरकत आहे."

साहेब म्हणाले, "माझी काही हरकत नाही," आणि लिफ्टमध्ये गेले.

मी तिथेच उभी राहिले. हरकत घेऊन झाली होती, तिला हरकतही कुणाची नव्हती, आणि काहीही झालं नव्हतं. बेटावरची मैत्रीण म्हणाली, की तिच्या गावात लाटेला असं विचारत बसत नाहीत.

मग उजाडला मंगळवार. आमच्या शिष्टमंडळाची बैठक रोज सकाळी हॉटेलच्या नाश्त्याच्या टेबलाशी होते, आणि मी सांगते आत्या, घरात आणि तिथे काडीचा फरक नव्हता. साहेब टेबलाच्या टोकाला, बाबा बसतात तसे. टाचणीबाई त्यांच्या उजव्या हाताला. आज निघालेत ते गृहस्थ पाव कुरतडत होते, काका करतात तसंच. मी पार दुसऱ्या टोकाला, मीठ माझ्याकडे, म्हणजे सगळ्यांना मीठ देणं एवढंच माझं कामकाज. साहेब एकेक विषय घेत गेले. शेवटी म्हणाले, की संध्याकाळी मुदत संपते, खुर्चीच्या परिच्छेदावर आपण गप्प राहू, सगळ्यांच्याच सोयीचं आहे, कुणाची हरकत दिसत नाही. आणि त्यांनी चहाचा कप बशीकडे न्यायला सुरुवात केली.

मी तो कप बघत होते. हे मला कुठेतरी दिसलेलं होतं. अगदी असंच, असंच वाक्य आणि असाच एक हात खाली येणारा, पण त्या हातात कप नव्हता, पाण्याचा ग्लास होता. कुठे दिसलं होतं ते मला त्याच क्षणी कळलं, आणि मी नाही म्हणाले.

फार मोठ्याने म्हणाले. शेजारच्या टेबलावरची लहान मुलं एकदम शहाण्यासारखी बसली. माझ्यासाठी पाव घेऊन येणारा वेटर तो घेऊन परत गेला. साहेबांचा कप अधांतरी राहिला. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि आता यांना कारण सांगायला लागणार हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. तालीम नुसत्या नाहीची केली होती.

मी म्हटलं, "साहेब, ती खुर्ची आमची आहे. आणि सोयीनुसार म्हटलं की सोय कुणाची बघतात ते मी घरी बघितलंय. ज्याची खुर्ची हलवायची असते त्याची कधीच बघत नाहीत."

मला वाटलं, झालं, सगळे गप्प आहेत, आता हे हो समजायचं की नाही, इथे कुठला नियम लागतो. तेवढ्यात टाचणीबाई साहेबांना म्हणाल्या, की मुलगी बोललीय, आता आपण गप्प राहिलो तर आपण गप्प राहिलो असं दिसेल. साहेबांनी कप न ठेवता सगळा चहा एका दमात पिऊन टाकला. मग मला विचारलं, की बाळ, हे आधी का नाही बोललीस. मी म्हटलं, बोलले होते, तुमची हरकत नव्हती. साहेबांनी रिकामा कप बशीत ठेवला आणि ते टाचणीबाईंना म्हणाले, लिहा.

तर दुपारी आमचं लेखी नाही गेलं. ते गेल्याबरोबर आणखी देशांची गेली. कळलं ते असं, की पुष्कळ जण दुसरं कुणी म्हणेल म्हणून थांबले होते. संध्याकाळी परिच्छेद पुन्हा उघडला, आणि काल रात्रीच्या आत 'सोयीनुसार' गेलं. खुर्ची राहिली, टेबलाशी, विनाअट. त्या बदल्यात एवढंच ठरलं, की खुर्चीपुढे माइक असावा का याचा विचार पुढच्या वर्षी करायचा. म्हणजे वर्षभर तरी आमच्यापैकी जो तिथे बसेल त्याला मोठ्याने बोलावं लागेल. बेटावरच्या मैत्रिणीला याची मुळीच काळजी वाटली नाही. ज्यांनी मला तपासलं त्या प्रथमोपचारवाल्या बाई कॉरिडॉरमध्ये भेटल्या, त्यांनी पुन्हा विचारलं बरी आहेस ना. मी हो म्हटलं. हो म्हणायलाही तालीम लागते असं वाटलं.

बाकी सगळं ठीक. आईला सांग, स्वेटर घालते. काकांना सांग, कोंबड्यांबद्दल इथे एका अभ्यासकाने फार चांगलं सांगितलं, पण त्यांना इतक्यात सांगू नको. तुझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना माझ्याकडून पेन्सिली आणतेय, प्रत्येकीवर काही ना काही वाचवायचं आवाहन छापलंय. तुझ्या पायांवर डोकं ठेवते, हळूच.

तुझी,
समंजस भाची

ता. क. रोप मी इथे खोली आवरायला येणाऱ्या बाईंना दिलं. विमानात नेऊ देत नाहीत. त्यांनी विचारलं, याला पाणी किती घालायचं. मला माहीत नव्हतं. आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

आणखी ता. क. मी निघायच्या आदल्या दिवशीचं जेवण तुला आठवतं? बाबा म्हणाले, तुझी खोली हॉलला जोडून घेऊ, मधली भिंत काढू, तू वरच्या खोलीत जा, वर वारा आहे, शांतता आहे, सगळ्यांच्याच सोयीचं आहे. तू चमचा खाली ठेवलास. हात मांडीवर घेतलेस. कॅलेंडरकडे बघितलंस. मला इतका धीर आला, की मी भाजी वाढून घेतली. म्हटलं, संपलं, भिंत राहिली. वरच्या खोलीला जो जिना आहे तो चढून तू एकदा वर गेलीस की खाली येणार नाहीस, आणि मुलं वर येणार नाहीत, हे तुझ्या गप्प बसण्यात इतकं स्पष्ट होतं की मी वेगळं काही बोलायची गरजच नव्हती. म्हणून मीही गप्प बसले, तुझ्याच बाजूने. बाबांनी सगळ्यांकडे पाहिलं, ग्लास खाली ठेवला आणि म्हणाले, "कुणाची हरकत दिसत नाही. ठरलं मग." परवा आईने फोनवर सांगितलं, की गवंडी सोमवारी येतोय आणि तुझं कपाट जिन्यातून जातंय का ते मोजून झालं. ताईने काही म्हटलंही नाही, असं बाबा कौतुकाने सांगत होते म्हणे.

आत्या, बाबा वाईट नाहीत. अध्यक्षही नव्हते. मी इथे बसून आठवत होते, तुझ्या गप्प बसण्याने जे जे थांबलं ते कधी थांबलं. फाटक, कोंबड्या, माझं वसतिगृह. सगळं आजोबा असतानाचं आहे. त्यांना तुझं ऐकू यायचं. ते गेल्यापासून एकही गोष्ट थांबलेली नाही. तू नाही म्हणत राहिलीस, आणि घरातले सगळे तू किती समजून घेतेस म्हणत राहिले.

शेवटचा ता. क. हे सगळं पत्र खरं म्हणजे यासाठी लिहिलंय. मी शनिवारी पोचतेय. तोपर्यंत कपाट रिकामं करायला घेऊ नकोस. कुणी विचारलं तर गुडघा दुखतो म्हण. (खोटं नाही ते.) हॉलमधल्या जुन्या पाट्या इथे आम्हाला आठवण म्हणून दिल्या. मी दोन मागून घेतल्या आणि मागच्या कोऱ्या बाजूला एकीवर माझं नाव लिहिलं, एकीवर 'आत्या'. माझी मी उभी करणारच आहे, बाबांचा ग्लास खाली यायच्या आत. पण टाचणीबाई म्हणतात, ज्याची खुर्ची त्याची हरकत सगळ्यांत वजनदार. तेव्हा तुझी पाटी तुझ्या ताटाशेजारी आडवी ठेवीन. ती उभी तुलाच करायचीय, आणि जमलं तर एक शब्दही म्हणायचाय. कोटांच्या खोलीत तालीम करून मला जमला, तर बुटक्या टेबलाशी शनिवारी संध्याकाळी तुझी तालीम मी घेईन.

विषय पुन्हा उघडायचा तो रविवारी, सतरा तारखेला, दुपारच्या जेवणाला.